‘पार्श्वप्रकाश’ म्हणजे मागचा की बाजूचा?

शब्दवेल्हाळ
मौखिक इतिहास नोंदवणाऱ्या एका गटासाठी पुस्तिका मराठीत करतेय. विषय: माहितीपटासाठी दोन कॅमेऱ्यांवर मुलाखत कशी घ्यायची, दिवे कसे लावायचे. वाचणारे कॉलेजचे विद्यार्थी आणि काही निवृत्त गिरणी कामगार, कारण १९८२च्या संपाच्या आठवणी त्यांनीच एकमेकांकडून नोंदवून घ्यायच्या आहेत. ‘की लाइट’ला मी मुख्य प्रकाश केलं, सावली उजळणाऱ्या ‘फिल’ला पूरक प्रकाश, आणि माणसाच्या मागून केसांवर-खांद्यांवर पडणाऱ्या ‘बॅकलाइट’ला पार्श्वप्रकाश. पार्श्वभूमी, पार्श्वसंगीत, पार्श्वगायन अशा सगळ्या शब्दांत ‘बॅक’च्या जागी आपण पार्श्वच ठेवतो, म्हणून फार विचार केला नाही. तपासणाऱ्या बाईंनी तो शब्द खोडला आणि समासात लिहिलं, ‘पार्श्व म्हणजे बाजू. पोरं हा दिवा बाजूला लावतील.’ पुस्तिकेतल्या आकृतीत बाजूलाही एक दिवा आहेच, त्यामुळे घोळ होणार हे पटतं. पण ‘पृष्ठप्रकाश’ वाचलं की डोळ्यासमोर वहीचं पान येतं. काय करावं? महिनाअखेरीस छापायला द्यायचं आहे.

अनुस्वार
बाईंचं बरोबर आहे. संस्कृतात पर्शु म्हणजे बरगडी, त्यावरून पार्श्व म्हणजे बरगड्यांची बाजू, कूस. योगासनं करणाऱ्यांना पार्श्वकोनासन माहीत असेल, त्यात शरीर कुशीवर ताणतात. जैन परंपरेत पार्श्वनाथांच्या नावाची कथाही तीच आहे: गरोदर आईला अंधारात आपल्या कुशीशेजारून सरपटणारा साप दिसला, म्हणून मुलाचं नाव पार्श्व. ‘मागे’ हा अर्थ मुळात कुठेच नाही. पृष्ठ म्हणजे आधी पाठ, पान नंतर. पृष्ठवंश म्हणताना कुणाला वही आठवते का? पृष्ठप्रकाश निर्धास्तपणे वापरा.

कोकणकडा
मुळात काय होतं ते राहू द्या, आज मराठीत ‘पार्श्वभाग’ म्हणजे काय? इंजेक्शन पार्श्वभागावर देतात ते बरगडीवर देत नाहीत. बोलणाऱ्याच्या मनात पार्श्व कधीच पाठीमागे गेलेलं आहे. आणि पृष्ठाचं म्हणाल तर ‘पृथ्वीचा पृष्ठभाग’ म्हणजे वरचा थर. मग पृष्ठप्रकाश म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश असंही कुणी वाचेल. व्युत्पत्तीला मान द्यावा, पण वापराची गळचेपी करून नको.

जुनी संहिता
पार्श्व ‘मागे’ कसं गेलं याबद्दल माझा एक तर्क आहे. नाटकात आवाज यायचे ते विंगेतून. विंग ही रंगमंचाच्या बाजूला, म्हणजे पार्श्वाला. पण प्रेक्षकाच्या लेखी विंगेतलं सगळंच ‘पडद्यामागचं’. तिथूनच पार्श्वसंगीत आलं असावं आणि बाजूचं ते मागचं झालं असावं.

अनुस्वार
तर्क गोड आहे, पण संगीत नाटकाचे जे प्रयोग मी पाहिले त्यांत ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढे बसायचे, अगदी आमच्या नाकासमोर. मला तर हा सरळ इंग्रजीचा परिणाम वाटतो. ‘बॅकग्राउंड’ला पार्श्वभूमी केलं, मग जिथे जिथे ‘बॅक’ दिसलं तिथे पार्श्व डकवत गेले. ‘प्लेबॅक’चं पार्श्वगायन झालं. प्लेबॅकमधलं ‘बॅक’ म्हणजे मागची बाजू नव्हेच, आधी मुद्रित केलेलं गाणं पुन्हा वाजवणं. एका चुकीच्या पायावर तीन मजले चढलेत, चौथा तरी चढवू नका.

कॅमेऱ्यामागे
मी माहितीपटांचं चित्रीकरण करतो. शब्दाचं तुम्ही ठरवा, पण पुस्तिका दोन कॅमेऱ्यांची आहे म्हणून एक गोष्ट आधी पाहा.

समजा १० बाय १२ची चाळीतली खोली. आजोबा खुर्चीत. पहिला कॅमेरा समोर, ८५ मिमीची लेन्स. मुलाखत घेणारी मुलगी लेन्सला खेटून उजव्या हाताला बसलीय, आजोबा तिच्याकडे बघून बोलतायत. की लाइट तिच्याही पलीकडे उजवीकडे, म्हणजे चेहऱ्याची सावलीची बाजू कॅमेऱ्याकडे येते आणि चेहऱ्याला गोलाई मिळते. बॅकलाइट आजोबांच्या मागे कपाटावर, खाली झुकवून. पांढरे केस आणि मागे चुन्याची पांढरी भिंत असली की माणूस भिंतीत विरघळतो, त्या दिव्याने केसांना आणि खांद्याला उजेडाची बारीक कड येते आणि माणूस भिंतीपासून सुटतो.

आता दुसरा कॅमेरा. आजोबा आणि मुलगी यांच्यामधली जी रेषा, तिच्या पलीकडे तो जाता कामा नये, नाहीतर संकलनात आजोबांची नजर फ्रेमच्या उलट दिशेला जाते. म्हणून तो पहिल्याच्या डावीकडे जातो. पार प्रोफाइलला (चेहरा एका बाजूने दिसेल असा), ९० अंशांवर लावलात तर कपाटावरचा तोच दिवा या कॅमेऱ्यासाठी बरोबर बाजूला येतो. ४५ अंशांवर लावलात तर तो तिरका मागून येतो. दिवा हलला नाही, कॅमेरा हलला. म्हणजे पहिल्या कॅमेऱ्याचा ‘पृष्ठ’ हा दुसऱ्याचा ‘पार्श्व’ आहे. एका कॅमेऱ्याच्या पुस्तकांतून उचललेली दिव्यांची नावं दोन कॅमेऱ्यांत टिकतच नाहीत, आणि नवीन मुलं नेमकी इथेच चुकतात. पहिल्या कॅमेऱ्यात सुंदर दिसलं म्हणून खूश होतात. दुसऱ्यात चेहऱ्याचा अंधारा गाल तेवढा दिसतो आणि कोपऱ्यात दिव्याचा स्टँड डोकावतो.

शब्दवेल्हाळ
हे मूळ पुस्तिकेत कुठेही नाही! मग दुसऱ्या कॅमेऱ्याच्या अंधाऱ्या गालाचं काय करायचं?

कॅमेऱ्यामागे
त्या बाजूला थर्माकोल. नवीन दिवा नको, खोली लहान असते. दोन-तीन फुटांवर थर्माकोलची शीट उभी केली की की लाइटचा उजेड परतून गालावर येतो. चष्मा असेल तर की लाइट आणखी वर चढवा आणि चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलायला सांगा, काचेतली चमक जाते. ट्यूबलाइट बंद करा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: खिडकीचा उजेड ५६०० केल्विनच्या आसपास आणि जुना पिवळा बल्ब त्याच्या निम्म्यावर, दोन्ही चेहऱ्यावर आले तर एक गाल निळसर, एक पिवळा. आणि दोन्ही कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असलेलं रंगाचं सेटिंग) हाताने एकाच आकड्यावर ठेवा. ऑटोवर सोडलात तर संकलन करणारा तुम्हाला आयुष्यभर विसरणार नाही.

अनुस्वार
दोन कॅमेऱ्यांचा मुद्दा मान्य, पण त्यातून माझंच म्हणणं पक्कं होतं. नाव कॅमेऱ्यावरून ठेवूच नका, माणसाच्या शरीरावरून ठेवा. माणसाची पाठ कॅमेरा हलवल्याने हलत नाही. पाठीकडून येणारा तो पृष्ठप्रकाश, कुशीकडून येणारा तो पार्श्वप्रकाश, तोंडासमोरून येणारा तो मुखप्रकाश. कितीही कॅमेरे लावा.

कॅमेऱ्यामागे
सर, ऐकायला नेटकं आहे. पण दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तेव्हा आम्ही दोनच दिवे तिरपे लावतो. जो एकाच्या तोंडावर पडतो तोच दुसऱ्याच्या पाठीवर जातो. तुमच्या हिशेबाने त्या एका दिव्याची मुखप्रकाश आणि पृष्ठप्रकाश अशी दोन नावं झाली. लाइटवाल्या दादाला काय ओरडून सांगू?

खानदेशी
सेटवर काय ओरडतात तेच लिहा की. मी काही वर्षं लाइट उचलले आहेत. आमच्याकडे ‘मागून मार’, ‘केसांवर जरा मार’, ‘भिंतीवर सांडतोय, कटर लाव’ (कटर म्हणजे उजेड अडवणारी फळी), ‘स्किमर आण, कडक पडतोय’ (स्किमर म्हणजे उजेड मऊ करणारा पडदा), ‘बेबी वर घे’ (बेबी म्हणजे छोटा दिवा) एवढ्यात काम होतं. गिरणी कामगार मंडळींना ‘पृष्ठप्रकाश’पेक्षा ‘मागचा लाइट’ एका फटक्यात कळेल. जो शब्द शिडीवर चढलेल्या माणसाला खालून ओरडून सांगता येत नाही तो पुस्तिकेत घालू नये असं माझं ठाम मत आहे.

अनुस्वार
असंच म्हणत गेलो असतो तर आज दिग्दर्शक, चित्रपट, मध्यंतर यांतला एकही शब्द नसता. हे शब्द सावरकरांच्या नावावर सांगितले जातात. तेव्हाही लोक हसलेच असतील. आज ‘मध्यंतर’ शब्द कुणाला जड वाटतो? शब्द घडवायला धीर लागतो, आणि ज्या पिढीने तो दाखवला तिचे आपण ऋणी आहोत.

कोकणकडा
रुजले ते आठवतात, न रुजलेल्यांची यादी कुणी काढत नाही. आणि हाताशी असलेले शब्द आपण वापरत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. उजेडासाठी मराठीत काय कमी आहे? आमच्याकडे कौलातून पडतो तो कवडसा. कललेल्या उन्हाची येते ती तिरीप. बॅटरीचा झोत. दुपारचा भगभगीत उजेड. ‘हार्ड लाइट’ला भगभगीत उजेड म्हणा, कुणीही डोळे बारीक करून समजून घेईल. ‘सॉफ्ट’ला मवाळ किंवा मऊ. आणि त्या केसांवरच्या रेघेला ‘कोर’. चंद्राची कोर म्हणजे काय? मागून उजेड आल्यामुळे उजळलेली कडच ना? बॅकलाइट म्हणजे कोरीचा दिवा.

शब्दवेल्हाळ
कोरीचा दिवा! हे फार आवडलं.

अनुस्वार
शब्द सुंदर आहे, हे मनापासून सांगतो. पण कोर हा परिणाम झाला, दिव्याची जागा नव्हे. आणि आताच सांगितलं ना, दुसऱ्या कॅमेऱ्यात कोर दिसेलच असं नाही.

दूरदेशी
शिकागोहून. इथल्या मराठी मंडळातल्या ज्येष्ठांच्या मुलाखती आम्ही दोन कॅमेऱ्यांवर घेतो. एक वेगळीच अडचण. मराठीत लिहिलेली यादी मुलांना पाठवली: ‘आधी की लाइट की फिल लाइट लावायचा ते खोली बघून ठरवा.’ एकाने विचारलं, ‘काका, यात की किती आहेत?’ तेव्हापासून आम्ही ‘मुख्य लाइट’ लिहितो. पूर्ण मराठी नाही, पण वाचताना अडखळत नाही.

आणखी एक. भारतातून आलेल्या चित्रणात ट्यूबलाइटखाली आडवे पट्टे दिसतात, त्याला मराठीत काय म्हणावं?

कॅमेऱ्यामागे
भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला तर पट्टे येत नाहीत, १/६० ठेवला की येतात. तुमच्याकडे ६० हर्ट्झ, म्हणून तिथून आणलेला कॅमेरा तिथल्याच सेटिंगवर इथे वापरला की हे होतं. शब्द म्हणाल तर आम्ही ‘फ्लिकर मारतोय’ म्हणतो.

कोकणकडा
लुकलुक.

खानदेशी
लुकलुक काजव्याची, चांदण्यांची. पट्टे फिरतात त्याला लुकलुक कसं म्हणणार? आणि मला एक सांगा, ‘लाइट’ तो की ती? आमच्याकडे वीज जाते तेव्हा ‘लाइट गेली’. सेटवर मात्र ‘लाइट लावला’. पुस्तिकेत दोन्ही येणार, तर काय करणार?

जुनी संहिता
आमच्याकडे ‘लाइट गेले’, अनेकवचनी. वडील ‘दिवे गेले’ म्हणायचे. वीज म्हटलं की स्त्रीलिंग आणि दिवा म्हटलं की पुल्लिंग, जो शब्द मनात असतो त्याचं लिंग ‘लाइट’ला चिकटतं असा माझा अंदाज.

शब्दवेल्हाळ
बाईंशी फोनवर बोलले. कॅमेऱ्यामागे यांची दोन कॅमेऱ्यांची गोष्ट सांगितल्यावर त्या म्हणाल्या की नावांचं नंतर बघू, आधी आकृती दोनदा काढा, एकेका कॅमेऱ्याच्या जागेवरून. ते करणारच आहे. पण आता त्यांनी शीर्षकावर बोट ठेवलंय. ‘माहितीपट’ नको, ‘अनुबोधपट’ हवं म्हणतात, कारण माहिती तर वेळापत्रकातही असते.

अनुस्वार
अनुबोधपट हाच नेमका शब्द. बोध होतो, तोही मागाहून, विचार केल्यावर.

जुनी संहिता
नको हो. अनुबोधपट म्हटलं की मला थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधीची ‘फिल्म्स डिव्हिजन की भेंट’ आठवते, आणि ती संपेपर्यंत बाहेर वडे खात उभी राहिलेली माणसं. फिल्म्स डिव्हिजन १९४८ची. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात पकडली. बोध करायला नव्हे, कुस्ती दाखवायला. ते काम माहितीचंच होतं, आणि माहिती हा काही कमी प्रतीचा शब्द नाही.

दूरदेशी
शीर्षकात ‘मुलाखत’ आहे ना? ते मात्र सोडू नका. आमच्या इथल्या हिंदी भाषक मैत्रिणीने मुलाखतीला ‘साक्षात्कार’ म्हटलं तेव्हा आमच्या आजी हात जोडून ‘कुणाला झाला?’ म्हणाल्या. अरबी मुलाकात म्हणजे नुसती भेट. हिंदीत ती भेटच राहिली, मराठीने तिला प्रश्नोत्तरांना बसवलं.

अनुस्वार
त्यालाही ‘संवाद’ चालेल.

खानदेशी
नाही चालणार. संवाद नाटकातले पाठ करतात. मुलाखत समोर बसून घ्यावी लागते.

कोकणकडा
शब्दांचं वेगळंच काहीतरी होत असतं याचं ताजं उदाहरण बातम्यांत रोज येतं. ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’. कायद्याच्या भाषेत ‘इन कॅमेरा’ म्हणजे बंद दाराआड, कारण लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली. बातमीत मात्र त्याचा अर्थ कॅमेऱ्यावर चित्रण करून, म्हणजे नेमका उलटा. हा अर्थ आता पक्का झाला असं मानायचं का?

अनुस्वार
अजिबात नाही. ही चूक आहे आणि ती चूक म्हणूनच नोंदवली पाहिजे.

कॅमेऱ्यामागे
शब्दवेल्हाळताई, आकृत्या काढाल तेव्हा दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रात बॅकलाइटपुढे कटर दाखवायला विसरू नका. तो दिवा तिथे थेट लेन्समध्ये जातो. कटरला मराठी शब्द मात्र मागू नका, तो आमच्याकडे कटरच आहे.

अनुस्वार
आडोसा.