नुसतं एकत्र ठेवून जमत नाही

प्राणिसंग्रहालयात पिल्लं व्हायला 'नर-मादी एका पिंजऱ्यात ठेवले की झालं' असं म्हणतात, ते काही पटलं नाही. हाँगकाँगच्या ओशन पार्कमधले यिंग यिंग आणि ले ले हे पांडा २००७ पासून तिथे होते, पण त्यांचं जमलं एप्रिल २०२० मध्ये, कोविडमुळे पार्क बंद असताना! (गर्दी हटली म्हणूनच, असं लगेच म्हणू नका, पांडाची मादी माजावर येते वर्षातून एकदाच, तीही जेमतेम दोन-तीन दिवस.) जुळी झाली ती थेट २०२४ मध्ये. पिंजऱ्यासमोरच्या बाकावरच्या जोडप्यांना एवढा वेळ लागत नाही म्हणा.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क झूमधले रॉय आणि सायलो तर दोघेही नर पेंग्विन. घरट्यात चक्क दगड ठेवून उबवत बसले. शेवटी तिथल्या कर्मचाऱ्याने खरं अंडं दिलं, त्यातून टँगो जन्मली. पुढे सायलो स्क्रॅपी नावाच्या मादीकडे गेला.