मदत हवी आहे: ओरिगामीची लिली देठाशी फाटते. कागद चुकतोय की हात?

ऐरोलीची_मीनू

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून मखर कागदाचंच करतो, पण कागदाचं म्हणजे कार्डशीट, पताका आणि बाजारातली तयार फुलं. यंदा मागची सगळी फुलं घडीची करायचं डोक्यात आलंय. पारंपरिक लिली (चार पाकळ्यांची, शेवटी पाकळ्या पेन्सिलीवर वळवतात ती) आणि मधेमधे सोनोबेचे गोळे (एकसारखे दुमडलेले तुकडे एकमेकांत अडकवून करतात ते). "कात्री न लावता फूल? बघू हं," असं सासूबाई म्हणाल्यात, त्यामुळे आता माघार नाही.

बगळा मला व्यवस्थित जमतो, ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्यासुद्धा. गाडी अडते ती लिलीला. बेडकाचा बेस (पाकळ्या आणि देठ काढायच्या आधीचा घडीचा सांगाडा) तयार होईपर्यंत सगळं छान दिसतं. मग देठ निमुळता करायला दोन्ही कडा मधल्या रेषेवर आणल्या की टोकाला मोहरीएवढं भोक पडतं. घोटीव कागदाचा तर त्याआधीच रंग उडून घडीवर पांढऱ्या रेषा दिसायला लागतात. झेरॉक्सच्या कागदाला भोक पडत नाही, पण देठ इतका जाड होतो की शेवटची घडी बसतच नाही, हात काढला की उघडते. ऑनलाइन मागवलेला १५ सेंमीचा तयार ओरिगामी कागद त्यातल्या त्यात बरा चालला. पण अख्ख्या मखराला तो घ्यायचा म्हणजे मूर्तीपेक्षा कागद महाग.

शिवाय चारपैकी एक पाकळी कायम लहान येते. आणि मे महिन्यात केलेली फुलं अजून ताठ आहेत, आत्ता पावसात केलेली मात्र दुसऱ्या दिवशी माना टाकतात.

कागद कोणता घेऊ, ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठे मिळेल, आणि घडी अचूक यायला नेमकं काय करायचं? "धीर धर" सोडून काहीही सांगा. ते घरी रोज ऐकते आहे.

चौरस_आहार

एक पाकळी लहान म्हणजे तुमचा कागद चौरस नाही, पैज. कसा कापता?

कर्णावर दुमडून बघितलंत तर कडा जुळतील आणि तुम्हाला वाटेल झालं. पण तिरका चौकोनही कर्णावर बरोबर जुळतो. म्हणून दोन तपासण्या करायच्या: एकदा कर्णावर, आणि एकदा पुस्तकासारखी मधोमध घडी घालून कोपऱ्यावर कोपरा बसतो का ते. दोन्ही पास झाले तरच पुढे जा, नाहीतर तो कागद किराण्याच्या यादीला.

ऐरोलीची_मीनू

@चौरस_आहार, ए४ चा कोपरा तिरका दुमडते, उरलेली पट्टी कात्रीने कापते. सगळे तसंच करतात ना?

चौरस_आहार

करतात, आणि बगळ्याला ते चालतंही. बगळ्याच्या शेपटीत अर्धा मिलिमीटर खपून जातो, लिलीत चार पाकळ्या शेजारी शेजारी उभ्या राहतात म्हणून दिसतो. कात्री बाजूला ठेवा. खाली जाड पुठ्ठा, स्टीलची पट्टी, कटरला नवीन पातं, आणि काटकोनासाठी कंपासपेटीतला गुण्या. प्लास्टिकची पट्टी नको, कटर तिलाच सोलून काढतो.

खळ_आणि_पुठ्ठा

मीनूताई, आमचा ठाण्यात तीन पिढ्यांचा बाइंडिंगचा धंदा. ओरिगामीत मी कच्चा, पण कागदाचं सांगतो.

आधी ग्रेन बघा. कारखान्यात कागद मशीनवर पळत असतो तेव्हा त्यातले तंतू बहुतेक पळायच्या दिशेने रांगेत लागतात, ती दिशा म्हणजे ग्रेन. त्या दिशेला समांतर घातलेली घडी सुरेख बसते. तिला आडवी घातलेली घडी तंतू मोडत जाते, म्हणून ती खरबरीत येते आणि लेप असलेल्या कागदाचा रंग तिथेच उडतो. घोटीव कागदावरच्या पांढऱ्या रेषांचं निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं म्हणजे त्याचा रंग पृष्ठभागावर लेपासारखा बसवलेला असतो, आत मुरलेला नसतो. तो कागद चिकटकामासाठी आहे, त्याच्याकडून एवढ्या घड्यांची अपेक्षा करू नका.

ग्रेन ओळखायची सोपी रीत: कागद न दुमडता नुसता वाकवायचा आणि तळव्याने हलकं दाबायचं. एकदा उभा, एकदा आडवा. ज्या बाजूने सहज वाकतो, ती वाकण्याची रेषा ग्रेनला समांतर. शंका राहिली तर कडेची पट्टी फाडून बघा, ग्रेनच्या दिशेने सरळ फाटते, आडवी वेडीवाकडी जाते. ए४ च्या रिममध्ये ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूने असतो.

आता पाऊस. लाकडाचा तंतू ओल पिऊन जाडीला फुगतो, लांबीला जवळजवळ नाही. म्हणजे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. तुम्ही उन्हाळ्यात कापून ठेवलेला अगदी नेमका चौरस श्रावणात किंचित आयत होतो. चौरस_आहार यांनी सांगितलेली तपासणी त्यामुळे कापतानाच नाही, घडी घालायला बसताना पुन्हा करा. आमच्याकडे पावसाळ्यात छापून आलेले फॉर्म दोन दिवस पडून राहिले की कडा लाटांसारख्या होतात, तो हाच प्रकार.

कागद झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवा, औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका. लागतील तेवढेच बाहेर काढा. झालेली फुलंही मखरात लावेपर्यंत तशाच डब्यात.

घोटीवऐवजी शाळेच्या वह्यांना घालायचा साधा खाकी कागद घ्या. प्लास्टिकचं पॉलिश असलेला नको. साध्या खाकीचे तंतू लांब असतात, तो घडी सहन करतो, आणि उलटसुलट दुमडला तरी मोडत नाही. रंगीत हवा असेल तर क्राफ्ट पेपर रंगात मिळतो, जांभळी नाक्याच्या आतल्या गल्ल्यांत विचारा. मुंबईत जाणं होत असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीट. मोठी शीट घ्या, कुठल्याही बाइंडरकडे न्या, कटिंग मशीनवर गठ्ठाच्या गठ्ठा १५ सेंमीचा करून मिळतो. फक्त गठ्ठा पातळ ठेवायला सांगा. जाड गठ्ठ्यात वरचा आणि खालचा कागद एका मापाचा येत नाही, पातं खाली जाताना कागद किंचित ओढला जातो.

घडीवरघडी

बाइंडरदादांनी कागदाचं सांगितलं, मी भोकाचं सांगतो. लिलीच्या देठाचं टोक म्हणजे मूळ कागदाचा बरोबर मध्य. दोन कर्ण, दोन मधल्या घड्या आणि बेडकाच्या बेसच्या बऱ्याच बारीक घड्या त्या एका बिंदूतून जातात. प्रत्येक पायरीला तिथे नखाने करकचून दाबलं तर शेवटी तिथे तंतू शिल्लकच राहत नाहीत. त्यामुळे टोकाकडचे शेवटचे काही मिलिमीटर अखेरपर्यंत मऊच ठेवायचे. बाकी रेष पक्की दाबा, टोक नुसतं वळवा.

दुसरं, कडा मधल्या रेषेला तंतोतंत टेकवू नका. केसभर फट ठेवा. पहिल्या घडीला रेषेवर रेष चालते, पण पाचव्या-सहाव्या थराला कागदाच्या स्वतःच्या जाडीला जागा लागते. ती नाही दिली तर तो टोकाला ताण देतो, नाहीतर तुमच्या झेरॉक्सच्या कागदासारखी घडी उघडत राहते. आकृतीत हे कुणी काढत नाही. जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावांनी १९५४ च्या सुमाराला मांडलेली तुटक रेष, तुटक-टिंब रेष आणि बाणांची पद्धत आज जगभर चालते, पण त्या रेषेला जाडी नसते, कागदाला असते.

घडी घालताना कडेवर कडा आणायची, दोन्ही कोपरे जुळलेत ते बघायचं, एका हाताने धरून ठेवायचं, मग मधून बाहेर दाबत जायचं. एका कोपऱ्यातून सुरुवात केली की सगळी चूक दुसऱ्या कोपऱ्यात जमा होते. टेबलावर, आणि खालची कडा आपल्यापासून लांब, वरच्या दिशेने न्यायची, म्हणजे जुळणारी जागा हाताखाली लपत नाही. लोकलमध्ये बगळे करा, लिली नको.

कर्ण एका बाजूने आणि मधल्या घड्या कागद उलटून दुसऱ्या बाजूने घालता ना? तसं असेल तर चौकोनी बेस (बेडकाच्या बेसच्या आधीची पायरी) आपणहून मिटतो. बळ लावावं लागत असेल तर तिथेच काहीतरी उलटं झालंय.

पाणकावळा

ओल्या घडीचं, म्हणजे वेट-फोल्डिंगचं कुणीच बोललं नाही! योशिझावांचीच देणगी. जाड कागद किंचित ओलसर करून वळवायचा, आतली खळ वाळली की आकार कायम. माना टाकायचा प्रश्नच मिटला.

खळ_आणि_पुठ्ठा

पाणकावळा, श्रावणात ऐरोलीत वाळणार कधी ते? विसर्जनाला?

पाणकावळा

पंख्याखाली.

खळ_आणि_पुठ्ठा

बाकी मुद्दा बरोबर आहे, पण ते जाड कागदाचं आणि मोठ्या प्राण्या-पक्ष्यांचं काम. लिलीत एवढे थर येतात, तिथे जाड कागद घेऊन पुन्हा देठाशीच अडायचं. त्यापेक्षा पतंगाच्या कागदाचे दोन रंग पातळ खळीने एकमेकांवर चिकटवा. काचेवर एक कागद पसरायचा, ब्रशने खळ, त्यावर दुसरा, मधून बाहेर हवा काढायची, रात्रभर पंखा. सकाळी काचेवरून सोलला की करकरीत, पातळ, आणि पाकळी आतून एका रंगाची, बाहेरून दुसऱ्या. कीड लागू नये म्हणून खळीत थोडा मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण तो विषारी. घरात लहान मुलं असतील तर नकोच. मखर उतरल्यावर फुलं नुसती कोरड्या डब्यात ठेवा, नाहीतर झुरळं खळ खातात.

गणिताच्या_बाई

सोनोबेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. १२ तुकड्यांचा गोळा आधी करा, मग ३० चा. सगळे तुकडे एका मापाचे यायला हवे असतील तर एक तुकडा पूर्ण, मग दुसरा, असं करू नका. तीसही कागदांची पहिली घडी, मग तीसही कागदांची दुसरी. हाताला एकच हालचाल लागते आणि चुकलेला तुकडा लगेच डोळ्यात येतो. सोनोबेला डिंक नसतो, कागदाच्या घर्षणावरच सगळं उभं राहतं. म्हणून तिथे गुळगुळीत कागद नको, ७५ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) झेरॉक्सचा रंगीत कागद उत्तम.

"धीर धर"वर तुमचा राग असेल तर धीराचा एक बिनकष्टाचा उपाय: बेडकाचा बेस झाला की थांबा. बेस मिटवून जाड पुस्तकाखाली रात्रभर. सकाळी थर बसलेले असतात, पुढच्या घड्या निम्म्या श्रमात होतात. मी शाळेत मुलांना बेस एका तासाला आणि फूल दुसऱ्या तासाला करायला लावते, फाटायचं प्रमाण खूपच खाली येतं.

ऐरोलीची_मीनू

बाई, तुम्हाला आणखी एक विचारते. प्रसादाच्या डबीच्या एका आकृतीत सुरुवातीलाच बाजूचे तीन समान भाग करायला सांगितलेत. पट्टीने मोजून खुणा केल्या तर पेन्सिल दिसते.

गणिताच्या_बाई

पट्टी नको. वरच्या कडेचा मध्य काढा, पूर्ण घडी नाही, फक्त कडेला चिमटीत धरून बारीक खूण. आता खालचा उजवा कोपरा उचलून त्या खुणेवर ठेवा आणि घडी घाला. कागदाची खालची कडा आता तिरकी होऊन डावी कडा ओलांडताना दिसेल. ती जिथे ओलांडते तो बिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यापासून बाजूच्या बरोबर दोन-तृतीयांशावर असतो. हा जपानच्या काझुओ हागांचा सिद्धांत. दहावीचे समरूप त्रिकोण वापरून सिद्ध होतो, मुलगा-मुलगी दहावीत असेल तर त्यांच्याकडून करून घ्या. हेही कागद चौरस असेल तरच.

चौरस_आहार

शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.

ऐरोलीची_मीनू

अपडेट देते. खाकी कागद घेतला, वाकवून ग्रेन बघितला, कटरने कापला, दोन्ही तपासण्या केल्या. टोक शेवटपर्यंत मऊ ठेवलं, केसभर फट ठेवली. भोक नाही! चारही पाकळ्या एका उंचीच्या. देठ अजून थोडा फुगतो, पण घडी उघडत नाही. सासूबाईंनी फूल उलटं करून आत कात्रीची खूण शोधली.

आता दोन गोष्टी. एक, खाकी कागदाच्या पाकळ्या पेन्सिलीवर वळवल्या तरी थोड्या वेळाने सरळ होतात. दोन, घरातल्यांचं म्हणणं आहे की खाकी लिली पोस्टातून आल्यासारखी दिसते.

घडीवरघडी

पेन्सिल जाड पडते. रिफिल किंवा विणायची बारीक सुई घ्या, टोकापासून घट्ट गुंडाळा आणि सोडायच्या आधी गुंडाळी क्षणभर चिमटीत दाबून धरा. हवी त्यापेक्षा जास्तच वळवा, सुटल्यावर ती थोडी उलगडणारच.

खळ_आणि_पुठ्ठा

लिलीला एक फायदा आहे. पाकळ्या चौरसाच्या कोपऱ्यांतून निघतात, म्हणजे चारही ग्रेनला ४५ अंशात. त्यामुळे चारही सारख्याच वळतात, एक हट्टी आणि एक गरीब असं होत नाही.

रंगासाठी खाकीवर पतंगाचा पांढरा कागद नको, जाड होईल. पतंगाचे दोन कागद चिकटवायचं वर लिहिलंय तेच करा, पांढरा आणि पोपटी. देठाकडे पोपटी दिसेल. ठाण्यात पतंगाचा कागद संक्रांतीच्या आसपास कुठेही मिळतो, एरवी शोधावा लागतो, त्यामुळे आधी फोन करून जा. काच नसेल तर जुन्या टीव्ही युनिटची काढून घ्या, सनमायका चालतो पण कागद सोलताना फाटतो.

ऐरोलीची_मीनू

काच आहे, टीपॉयची. खळ मैद्याची की साबुदाण्याची?

खळ_आणि_पुठ्ठा

मैद्याची. एक चमचा मैदा, पाऊण कप पाणी, गार पाण्यात गुठळ्या मोडून मग मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत. गाळून घ्या. ब्रशवरून सहज ओघळली पाहिजे, नाहीतर आणखी पाणी. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी वास येतो.