मदत हवी आहे : डिफ्यूझर, नीलगिरी तेल आणि घरात दीड वर्षाची लेक

नमस्कार. वाढदिवसाला जाऊबाईंनी डिफ्यूझर (तेलाचा सुगंध खोलीत पसरवणारं यंत्र) दिलाय, सोबत लॅव्हेंडर, नीलगिरी, टी ट्री आणि लिंबू अशा चार बाटल्या. सुगंधाची मला फार आवड आहे, पण घरात लहान मूल, सासऱ्यांना दमा आणि एक मांजर. बाळाला सर्दी झाली की सासूबाई तिच्या उशीवर नीलगिरीचे थेंब टाकतात. झाडाचंच तेल ते, त्याने काय होतंय, असं त्यांचं म्हणणं. त्यांना न दुखावता कसं सांगू? शिवाय लॅव्हेंडरच्या बाटलीवर ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलंय, बाकी तिन्हींवर ‘इसेन्शियल ऑइल’. फरक काय? खोबरेल तेलात मिसळून अंगाला लावायचं तर किती थेंब? जाणकारांनी सविस्तर सांगा, प्लीज.

प्रतिसाद

ताई, आधी बाळाचं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाजवळ नीलगिरी, कापूर, पुदिन्याचं सत्त्व अजिबात नको. इतक्या लहान मुलांचा श्वास अडकू शकतो. सासूबाईंना सांगताना ओवाफूल, पुदिनाफूल आणि भीमसेनी कापराची आठवण करून द्या. हे तीन कोरडे खडे एका बाटलीत घालून हलवले की पाणी न घालताच विरघळतात आणि अमृतधारा तयार होते. तिचा एक थेंब किती जहाल असतो ते त्यांच्या पिढीला पक्कं ठाऊक आहे. नीलगिरीचंही तेच. पानं वाफेवर ठेवून तेल काढतात, शंभर किलो पानांतून जेमतेम एक-दोन किलो. म्हणजे बाटलीत पाला नाही, त्याचा अर्क आहे.

फ्रॅग्रन्स ऑइल हा बहुतेकदा कारखान्यात बनवलेला वास असतो. तो अंगाला लावू नका. खऱ्या, म्हणजे झाडापासून काढलेल्या इसेन्शियल ऑइलच्या बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव असतं, लॅव्हेंडरचं ‘लॅव्हेंडुला अँगस्टिफोलिया’. काच गडद रंगाची हवी. कागदावर थेंब टाकून बघा. दुसऱ्या दिवशीही तेलकट डाग राहिला तर साधं तेल मिसळलेलं असण्याची शक्यता आहे. चंदनासारख्या जड तेलांना मात्र ही परीक्षा लागू नाही.

मोठ्यांसाठी ३० मिली खोबरेलात ६ थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. लिंबाचं तेल लावून उन्हात जाऊ नका, कातडी भाजल्यासारखी होते. बाळाला साधं खोबरेलच लावा.

सासऱ्यांच्या खोलीत डिफ्यूझर नकोच. उग्र वासाने दम्याचा झटका येऊ शकतो. टी ट्री मांजरासाठी विषारी आहे, तिच्या यकृताला ते पचवता येत नाही. ती बाटली मी तर घरात ठेवलीच नसती. तुमच्यापुरता, दुसऱ्या खोलीत, खिडकी किलकिली ठेवून दोन-तीन थेंब, अर्धा तास, बस.

धागाकर्ती

खूप आभार! सासूबाईंना अमृतधारेचं लगेच पटलं, उशी धुवायला टाकली. बाळाच्या सर्दीसाठी उद्या डॉक्टरांकडे जातोय. एकच शंका : चुकून तिने बाटली तोंडाला लावली तर?

प्रतिसाद

उलटी काढायला लावू नका, तेल फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. नीलगिरी किंवा कापूर थोडासा जरी पोटात गेला तरी लहान मुलांना झटके (फिट) येऊ शकतात, तेही काही मिनिटांत. त्यामुळे ‘बघू थोडा वेळ’ नको. आणि बाटल्या आजच कुलपात ठेवा.