विंडोज विकत घ्यायचे दिवस भरले का?

गोदाकाठ:
१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार (सपोर्ट) संपला, म्हणजे सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या बंद. सहाव्या-सातव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर असलेली धडधाकट मशीनं विंडोज ११च्या यादीत जवळपास नाहीतच. भंगारात काढायची का? त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरायची ऑपरेटिंग सिस्टीम मजेत चालते, तीही फुकट. जगातले सगळ्यात वेगवान ५०० महासंगणक २०१७पासून लिनक्सवरच आहेत, अँड्रॉइडच्या पोटातही तोच कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा. राहिला फक्त डेस्कटॉप. तोही जाणार, लिहून ठेवा.

छापखानावाला:
महासंगणकावर लग्नपत्रिका छापतात का हो? माझं दुकान विंडोजवरच्या कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर चालतं. वीस वर्षांच्या फायली, सगळ्या जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधल्या, म्हणजे अक्षरांची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत न पाळणाऱ्या. फाँट नसलेल्या मशीनवर उघडा, '॥ श्री गणेशाय नमः ॥'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. लिनक्सवरचं फुकट इंकस्केप कोरलड्रॉच्या सीडीआर फायली उघडतं म्हणे. उघडतं, पण मांडणी विस्कटते. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना हे प्रयोग कोण करणार?

कोकणी_कर्नल:
तो दोष लिनक्सचा नाही, युनिकोड टाळल्याचा. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं मुलं मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकतात. सवय लावली की लागते.

हिशोबनीस:
शाळेचं ठीक आहे हो, ऑफिसचं बोला. म्युनिक महापालिकेने २००३मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, पंधरा हजारांच्या आसपास मशीनं बदलली आणि २०१७मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. जर्मनांना जमलं नाही, आपल्या तहसील कचेरीत जमणार?

कोकणी_कर्नल:
त्याच जर्मनीतलं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य विसरलात. २०२४मध्ये त्यांनी सुमारे ३०,००० सरकारी संगणक मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी फुकट लिब्रेऑफिसवर आणि पुढे लिनक्सवर न्यायचं जाहीर केलं. पैसे वाचवणं हे एकच कारण नव्हतं; सरकारी माहितीची किल्ली परक्या कंपनीच्या हाती नको, हेही होतं. आपल्या संरक्षण मंत्रालयाची उबंटू या लिनक्सच्याच एका प्रकारावर बेतलेली 'माया' ही सिस्टीम काय उगाच आली?

हिशोबनीस:
आणि 'फुकट' म्हणता, त्या कर्नलवर काम करणारे बहुतेकजण इंटेल, रेड हॅट, गूगलसारख्यांचे पगारी आहेत. लिनक्सवर धंदा करणारी ही रेड हॅट आयबीएमने २०१९मध्ये ३४ अब्ज डॉलरना घेतली. धर्मादाय नाही चाललंय. २००१मध्ये विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर लिनक्सला कर्करोग म्हणाले होते. आज त्यांच्याच जुन्या कंपनीच्या अ‍ॅझ्युअर या भाड्याच्या क्लाउड सेवेवर लिनक्स धो धो चालतं आणि त्याचं भाडं तीच घेते. विंडोजचं खोकं विकलं जायचं थांबेल कदाचित, वसुली थांबणार नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची वर्गणी भरताच ना?

गोदाकाठ:
नाही भरत. पण मुद्दा मान्य, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम 'विकण्याचा' धंदा संपला हे तुम्हीच म्हणताय.

छापखानावाला:
तुमचं चालू द्या. माझ्या फायली युनिकोडमध्ये आणायच्या तर कन्व्हर्टर चालवूनही रफार आणि जोडाक्षरं एकेक डोळ्याखालून घालावी लागतात. मजुरी कोण देणार? मी विंडोज १०चं नेट काढून टाकलंय. बसलंय गप्प.

कोकणी_कर्नल:
नेट काढलंत, पण गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधले व्हायरस?