डबा उघडून लिहिलेल्या नोट्स

"जेवणाची सुट्टी कामात गेली तरी काही मागता येत नाही" असं फिजिओथेरपीच्या नोकरीबद्दल म्हणतात, ते सगळ्यांना लागू नाही. अमेरिकेत ठरावीक पगारावरच्या फिजिओथेरपिस्टला ओव्हरटाइम सहसा मिळत नाही, हे खरं. पण त्यांचे सहायक, म्हणजे पीटीए (फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट), बहुतेक तासाच्या पगारावर असतात. फेडरल कायद्यात जेवणाच्या सुट्टीची सक्ती नाही. मात्र पगारातून ३० मिनिटं कापायची तर तेवढा वेळ कामातून पूर्ण मोकळीक हवी. डबा उघडून पेशंटच्या नोट्स टाइप केल्यात तर ते कामच. मी दोन वर्षं तसंच जेवले, अर्धा तास रोज कापला गेला. अजून राग येतो. कॅलिफोर्नियात तर तासावरच्यांना सुट्टी दिली नाही तर त्या दिवसाचा एका तासाचा जादा पगार द्यावा लागतो. नोट्स सेव्ह केल्याच्या वेळा आजपासून वहीत लिहा.