वर्गातल्या मुलीचा खासगी फोटो मुलांमध्ये फिरतोय, शाळेने काय करावं?

वर्गशिक्षिका:
काल मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातली १५ वर्षांची मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली आणि नुसती उभी राहिली. बोलेचना. मग म्हणाली, "मॅडम, माझा फोटो सगळ्यांकडे गेलाय." कसला, ते मला विचारावं लागलं नाही. ज्या मुलाला विश्वासाने पाठवला त्याने मित्रांना दिला, त्यांनी ग्रुपवर टाकला. मुख्याध्यापक म्हणतात, "फोटो मला पाठवा, खात्री करू आणि दोघांनाही आठवडाभर घरी बसवू." मी अजून काही केलेलं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काय करू?

शाळा समुपदेशक:
मॅडम, पाठवू नका. पाहूही नका, कुणाच्या फोनवरून स्वतःकडे घेऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलांचे असे फोटो बाळगणं, पुढे पाठवणं बहुतेक देशांत गुन्हा आहे. 'खात्रीसाठी घेतला' म्हणून सुटका होईलच असं नाही. शिवाय आणखी एका मोठ्या माणसाने तो पाहिला, हे त्या मुलीला कळल्यावाचून राहत नाही. ती जे सांगते ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा: कधी, कोणत्या अ‍ॅपवर, कुणाकुणाकडे. बाल संरक्षणाचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना आजच कळवा. डिलीट कधी करायचं ते त्यांना ठरवू द्या.

घरी सांगण्याआधी तिला विचारा: आधी कुणाला सांगायचं, तुम्ही सोबत हव्यात का, घरी मार बसायची भीती आहे का. मी एकदा न विचारताच घरी फोन लावला होता. ती मुलगी त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ते मला अजून लागतं.

'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवाही आहे. फोटो कुठेच पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो, फक्त तो ठसा जातो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून फोटो ओळखून काढतात. एन्क्रिप्टेड चॅटमधल्या, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता न येणाऱ्या चॅटमधल्या, फोटोपर्यंत मात्र ती पोचत नाही.

गणित शिक्षक:
पण फोटो काढला तिनेच ना? शिक्षा दोघांना सारखीच हवी.

शाळा समुपदेशक:
नाही सर. तिने एकावर विश्वास टाकला. तो मोडला त्याने आणि फोटो पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने. २०१८ मध्ये ३९ अभ्यासांतल्या १,१०,३८० मुलांची माहिती एकत्र मांडली गेली. सुमारे १५ टक्क्यांनी असा लैंगिक मजकूर किंवा फोटो पाठवला होता, २७ टक्क्यांना आला होता आणि १२ टक्क्यांनी संमतीशिवाय पुढे पाठवला होता. आपण व्याख्यान देतो ते पहिल्या गटाला, त्यातही मुलींनाच. तिसऱ्या गटाशी कुणी बोलतच नाही. तिला घरी बसवलंत, तर पुढची मुलगी तुमच्या दाराशी येणारच नाही.

वर्गशिक्षिका:
मुख्याध्यापकांना हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग शिक्षेचं पत्र थांबवलं. मुलीला विचारलं. म्हणाली, "आईला सांगा, पण तुम्ही सांगा. मी बाहेर बसते." चार वाजता आई येतेय.