शेजारचा मुलगा टॅबवर बोलतो, लेकीला कसं समजावू?

कैरीपन्हं
जूनमध्ये आमच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा, ऑटिस्टिक. त्याला ऐकू येतं, कळतं सगळं, पण तोंडाने बोलत नाही. गळ्यात टॅब असतो, तो चित्रं दाबतो आणि टॅब बोलतो.

माझी लेक सव्वापाच वर्षांची. परवा भर लिफ्टमध्ये खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, हा अजून बाळ आहे का? याला बोलता येत नाही." मी "श्श!" केलं आणि त्याच्या आईकडे बघून कसनुसं हसले. तेव्हापासून लेक त्याच्याकडे बघतच नाही. म्हणजे मी नेमकं नको ते शिकवलं. बिल्डिंगमधली बाकीची पोरं तर टॅब दिसला की "गेम लाव ना" म्हणत तुटून पडतात.

काय सांगू तिला? खेळ, ॲप, काहीही सुचवा. "देवबाप्पानेच त्याला असं पाठवलंय" हे नको, ते सासूबाईंनी सांगून झालंय.

हिरवा_चाफा
लहान मुलांना एवढं समजवायला कशाला हवं? सोडून द्या खेळायला, आपोआप शिकतात.

टॅबवाल्याची_आई
@हिरवा_चाफा, आपोआप शिकतात ते बहुतेक वेळा पळून जायला. माझ्या मुलाला "मला पण घ्या" शोधायला टॅबवर तीन पडदे उलटावे लागतात. तोवर पोरं जिन्याखाली पोचलेली असतात.

कैरी, लेकीला एवढंच सांग: बाळाला शब्द माहीत नसतात, याला माहीत आहेत, फक्त ते तोंडातून निघत नाहीत, म्हणून तो बोटाने बोलतो. टॅब म्हणजे त्याचा आवाज. आपण कुणाच्या तोंडात हात घालत नाही, तसा त्याचा टॅब न विचारता घ्यायचा नाही. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजायचे. आणि प्रश्न त्यालाच विचारायचा, त्याच्या आईला नाही. (हे मोठ्यांनाही सांग. "याला चहा चालतो का?" असं माझ्याकडे बघून विचारतात, मुलगा समोर उभा असताना.)

जिभेचा_हाड
मी स्पीच थेरपिस्ट. रात्री जेवताना 'तोंडाला कुलूप' खेळा. पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही. पाणी, पोळी, मीठ खुणेने मागता येतं, मुलं खूश होतात. मग तिच्या कानात सांगा, "बाबांना सांग, काल आजीकडची भाजी आवडली नव्हती." इथे हात थांबतात. आता कागदावर आजी, भाजी, वाकडं तोंड अशी चित्रं काढून द्या. बोट ठेवून सांगता आलं की टॅब कशाला लागतो ते तिचं तिलाच कळतं. मात्र "बघ, त्याला किती त्रास होतो" हे शेपूट जोडू नका. बिचारा म्हणायला शिकलेलं मूल मित्र होत नाही.

"टॅबची सवय लागली की बोलणारच नाही" हेही कुणीतरी म्हणेलच. 2006 मध्ये, म्हणजे टॅबच्याही आधी, खुणा, चित्रं किंवा यंत्रं वापरून बोलणाऱ्यांवरच्या अभ्यासांचा एक आढावा निघाला होता. त्यात भरवशाचा पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं.

ॲप बघायचं तर आयआयटी मुंबईच्या आयडीसीत (तिथल्या डिझाइन विभागात) तयार झालेलं 'जेलो' मोफत आहे, मराठीतही आहे. तुमच्या फोनवर घ्या, लेकीला हाताळू द्या. म्हणजे त्याच्या टॅबवर झडप पडणार नाही.

गोधडी
माझ्या आईबाबांना ऐकू येत नाही. वर 'खुणा' आल्यात म्हणून सांगते, जेवणातल्या खुणा वेगळ्या आणि भारतीय सांकेतिक भाषा वेगळी. ती पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. दिल्लीच्या सरकारी संस्थेचा दहा हजार शब्दांचा कोश व्हिडिओंसकट ऑनलाइन मिळतो. मुलीला हेही दाखवा, नाहीतर न बोलणारं प्रत्येक मूल टॅबच वापरतं असं वाटेल तिला.

टॅबवाल्याची_आई
खेळांबद्दल राहिलंच. लपाछपीत माझा मुलगा कायम अडकायचा, कारण "धप्पा" त्याच्या टॅबवर नव्हतंच. तिथे 'सफरचंद' आणि 'स्वच्छतागृह' होतं. मग पोरांनीच बसून शब्द भरून घेतले: धप्पा, राज्य, टाइमप्लीज, चीटिंग. तरी लपलेल्या जागेतून टॅब बोलला की पकडला जायचा! शेवटी नियम ठरला, त्याने पाठीवर थाप मारली की धप्पा. पूर्वी टॅबचा आवाज हिंदी होता, तेव्हा "हा हिंदी का बोलतो?" हाच पोरांचा सगळ्यात मोठा प्रश्न होता.

हिरवा_चाफा
'थप्पा' हो, धप्पा काय! बाकी माझं म्हणणं मागे घेतो.

कैरीपन्हं
सगळ्यांचे आभार. रिपोर्ट देते. कुलूपवाला खेळ तीन रात्री चाललाय, नवरा सगळ्यात कच्चा निघाला. काल लेकीने लिफ्टजवळ त्यालाच विचारलं, "खेळतोस का?" आणि बोटांवर मोजायला लागली. दहा झाले, मग पुन्हा पहिल्यापासून. त्याने सावकाश दाबलं: "नको." पाय आपटत घरी आली, "एवढं मोजलं आणि नको म्हणाला!"

टॅबवाल्याची_आई
आमच्याकडेही सगळ्यात झिजलेलं बटण तेच आहे. उद्या परत विचारायला सांग तिला.